पडका गड पडकाच का ठेवतात?

पॉट्सडॅमचा सांसूसी राजवाडा बघायला आलेली मंडळी पुढच्या अंगणातूनच परततात. तिकडे द्राक्षवेलींच्या सहा टप्प्यांची उतरण आहे, खाली कारंजं आहे, फोटोला आणखी काय लागतं? मागच्या बाजूला गेलं तर समोर एक टेकडी दिसते. टेकडीवर मोडक्या रोमन खांबांची रांग, एक गोल देऊळ आणि रंगमंडळाची असावी तशी पडकी भिंत. आता रोमन लोकांनी पॉट्सडॅमला कधी पाऊल ठेवलेलं नाही. हे अवशेष प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७४८ साली नवेकोरे बांधून घेतले. त्यांच्या मधोमध पाण्याचा हौद आहे. बागेतल्या कारंज्यांसाठी उंचावर पाणी साठवायचं होतं, पण राजवाड्यातून उघडाबोडका हौद दिसायला नको होता. म्हणून भोवती पडझड बांधली. कारंजी फ्रेडरिकच्या हयातीत धड उडाली नाहीत, त्यासाठी १८४२चं वाफेचं इंजिन यावं लागलं. पडझड मात्र पहिल्या दिवसापासून चोख होती.

राइन नदीकाठचे किल्ले बघणाऱ्याला या हौदाचं काय, असं कुणीही विचारेल. माझं म्हणणं असं, की पडका किल्ला पडकाच ठेवायचा, तो आणखी पडू नये म्हणून सरकारने पैसे खर्चायचे आणि लोकांनी रविवारी धापा टाकत तो बघायला चढायचं, या रिवाजाचा मूळपुरुष हाच हौद आहे.

त्यासाठी ड्राखेनफेल्सवर जावं लागेल. बॉनच्या जरा वरच्या अंगाला, क्योनिग्सविंटर गावाच्या डोक्यावर हा ३२१ मीटरचा सुळका आहे. खालच्या उतारावर द्राक्षमळे, वर झाडी आणि अगदी टोकाला एका मनोऱ्याचं उरलेलं खिंडार. कोलोनच्या आर्चबिशपने बाराव्या शतकात किल्ला बांधला आणि तीस वर्षांच्या युद्धात, १६३४ साली, तो पाडला गेला. कुणी पाडला? काही जण स्वीडिश सैन्याचं नाव घेतात, काही म्हणतात कोलोनच्या इलेक्टरनेच, म्हणजे आर्चबिशपनेच, पाडला. मला दुसरं पटतं. एकदा शत्रूच्या हाती गेलेला गड परत मिळाला, की तो पुन्हा जाऊ नये म्हणून मालकच सुरुंग लावतो. गडांच्या इतिहासात यात नवल काही नाही.

नावाबद्दलही वाद आहेत. ड्राखेनफेल्स म्हणजे ड्रॅगनचा कडा, आणि दंतकथेतल्या वीर सीगफ्रीडने ड्रॅगन मारला तो इथेच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. काही शहाणे म्हणतात ड्रॅगन-बिगन काही नाही, डोंगराचा दगड ट्रॅकाइट, त्याचा अपभ्रंश ड्राखेन. हे ऐकायला शास्त्रीय वाटतं आणि साफ चूक आहे. ट्रॅकाइट हे नाव फ्रेंच खनिजशास्त्रज्ञांनी ‘खडबडीत’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून एकोणिसाव्या शतकात पाडलं. गडाचं नाव त्याच्या कित्येक शतकं आधीचं. नातवाच्या नावावरून आजोबाचं बारसं व्हायचं नाही. सीगफ्रीडची बाजूही भक्कम नाही, कारण निबेलुंगांचं जुनं महाकाव्य ड्रॅगन मारल्याचं सांगतं, पण या डोंगराचं नाव घेत नाही. इथली लाल वाईन ‘ड्राखेनब्लुट’ म्हणजे ड्रॅगनचं रक्त म्हणून विकली जाते. दंतकथेला इथे घर मिळालं ते बऱ्याच अंशी वाईनच्या दुकानदारीमुळे, असा माझा दाट संशय आहे.

खरी गोष्ट दगडाची आहे. करडा, फिकट, हाताला खरखरीत, आणि त्यात जागोजागी काचेसारखे चपटे स्फटिक, काही काही बोटाच्या पेराएवढे. ऊन तिरकं पडलं की ते चमकतात. एकदा डोक्यात बसला की हा दगड विसरत नाही. कोलोनच्या कॅथेड्रलच्या जुन्या भागाशी उभं राहून भिंत जवळून बघा, तेच स्फटिक दिसतात. १२४८ साली कॅथेड्रलचं काम सुरू झालं ते ड्राखेनफेल्सच्या दगडावर. डोंगरावरच्या एका खाणीचं नावच ‘डोमकाउले’, कॅथेड्रलची खाण. दगड खाली ओढायचा आणि नदीतून बोटीने कोलोनला पोचवायचा. रोमनांनीही तेच केलं होतं. गडाचे सरदार या दगडावर गबर झाले. म्हणजे गड उभा होता ज्या डोंगरावर, तोच डोंगर गडकरी विकून खात होते. उतारावर द्राक्षं, पोटात दगड, वर गड, आणि तिन्हींचं उत्पन्न एकाच घरात.

कॅथेड्रलचं काम सोळाव्या शतकात बंद पडलं. पुढे १८१५ साली व्हिएन्नाच्या तहात राइनचा हा पट्टा प्रशियाच्या पदरात पडला. १८२०च्या दशकात कॅथेड्रलची दुरुस्ती निघाली, दगडाला पुन्हा गिऱ्हाईक आलं आणि क्योनिग्सविंटरच्या पाथरवटांनी माथ्याजवळ छिन्नी लावली. तटाचा काही भाग कोसळला. १८२८ साली सरकारने खाण बंद करवली आणि १८३६ साली प्रशियाच्या सरकारने डोंगराचा माथा विकत घेतला. किल्ला लढाईला नको होता, राहायला नको होता, दगडही काढायचा नव्हता. फक्त तो तसाच दिसत राहावा म्हणून तिजोरी उघडली.

हे का झालं, यावर पहिलं उत्तर ठरलेलं आहे : इंग्रज कवी बायरन. १८१६ साली तो इथून गेला, ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या तिसऱ्या सर्गात त्याने ड्राखेनफेल्स आणला, द्राक्षांचे काठही आणले, आणि इंग्रज प्रवाशांची रीघ लागली. १८२७ पासून कोलोन ते माइन्झ आगबोटी धावू लागल्या, मग तर विचारूच नका. पण कवितेने प्रवासी येतात, सरकारी हुकूम निघत नाहीत. दुसरं उत्तर देशभक्तीचं. नेपोलियनविरुद्धच्या लढाईची आठवण म्हणून १८१४ सालीच या माथ्यावर स्मारकस्तंभ उभा राहिला होता. हे मला जास्त वजनाचं वाटतं. तरी स्तंभ वाचवायला स्तंभापुरती जागा पुरली असती.

तिसरा दावेदार तगडा आहे : हायडेलबर्ग. फ्रेंचांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केलेला तो राजवाडा. लोक त्याचे चिरे उचलून नेत होते. १८१० साली शार्ल द ग्रेंबेर्ग नावाचा फ्रेंच सरदार तिथे आला, ती चोरी थांबवायला धडपडला आणि त्याने उरलेलं आयुष्य तिथेच काढलं. तारखेने तो पुढे आहे, मान्य. पण ती एका माणसाची हौस होती. रिवाज म्हणायला राज्यसंस्था लागते.

चौथा दावा आपल्याला जवळचा आहे. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, आणि पुढे त्यांच्याच राजवटीत ‘जपा, पण नव्याने बांधू नका’ हा नियम आला. पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शलची १९२३ची नियमपुस्तिका हेच सांगते. रायगडावर काही पुन्हा उभारायचं म्हटलं की वाद पेटतो, त्याचं एक मूळ इथे आहे. ही इंग्रजी शाखा कलासमीक्षक रस्किनला आपला आद्यपुरुष मानते. पण रस्किनचं ‘सेव्हन लॅम्प्स’ १८४९चं, आणि ड्राखेनफेल्सचा व्यवहार त्याच्या तेरा वर्षं आधीचा.

आता माझा हौद. प्रशियाच्या राजपुत्रांच्या पिढ्या सांसूसी बघत वाढल्या. एका खिडकीतून द्राक्षांचे टप्पे, दुसरीकडून टेकडीवरची पडझड. सुंदर देखावा म्हणजे वेली आणि वर भग्न माथा, हे त्यांनी ‘अ’ ‘ब’च्या आधी शिकून घेतलं. १८१५ साली त्यांना राइन मिळाली, तेव्हा फ्रेडरिकने पैसे मोजून बांधलेलं चित्र इथे मैलोन्‌मैल फुकट पसरलेलं दिसलं. त्यातला एक माथा पाथरवट फोडू लागले, तर राजघराण्याला चीड येणारच! दोन टेकड्यांना जोडणारा हुकूमनामा मला कुठे दिसलेला नाही. पण डोळ्यांच्या सवयीचे हुकूमनामे निघत नसतात.

यावर एक आक्षेप आहे आणि तो बोचरा आहे. हेच घराणं राइनवर पडके किल्ले धडाधड बांधूनही काढत होतं. राजपुत्र फ्रीडरिशने राइनश्टाइन १८२५ ते १८२९मध्ये नवा केला. कोब्लेन्झ शहराने १८२३ साली युवराजाला श्टोल्झेनफेल्सचे अवशेष नजर केले, त्याचा त्याने पिवळाधमक राजवाडा करून टाकला. भग्नतेवर प्रेम होतं तर हे कसं? मला यात विसंगती दिसत नाही. सांसूसीतही राहायचं घर वेगळं आणि बघायची टेकडी वेगळी. श्टोल्झेनफेल्स घर झालं, ड्राखेनफेल्स टेकडी. शिवाय हाच युवराज चौथा फ्रीडरिश विल्हेल्म म्हणून गादीवर आल्यावर १८४६ साली पॉट्सडॅमच्या त्या खोट्या अवशेषांत एक मध्ययुगीन धाटणीचा मनोरा वाढवून बसला. खांब रोमन, मनोरा राइनचा. उसनवारी उलटी फिरली.

माझा सगळ्यात आवडता पुरावा नदीच्या पलीकडे आहे. ड्राखेनफेल्ससमोर रोलांड्सेकच्या किल्ल्याची एकच कमान उरली होती. डिसेंबर १८३९च्या वादळात तीही पडली. कवी फ्राइलिग्राथने वर्तमानपत्रातून वर्गणीचं आवाहन केलं, पैसे जमले आणि १८४० साली कमान पुन्हा उभी राहिली. किल्ला नाही, फक्त पडकी कमान, आधी होती तशी. बांधणारा होता त्स्विर्नर, कोलोन कॅथेड्रलचा मुख्य वास्तुकार. दोन वर्षांनी त्याच्याच देखरेखीखाली कॅथेड्रल पुरं करायची पायाभरणी झाली, तीही चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मच्या हस्ते, आणि दगड या खेपेस दुसऱ्या डोंगरांतून आला. त्स्विर्नरने नदीकाठी जे केलं तेच फ्रेडरिकच्या गवंड्यांनी १७४८ साली हौदाभोवती केलं होतं : मोडकी वास्तू नव्याने बांधली. फ्रेडरिकच्या गवंड्यांना ती मनाने रचावी लागली, त्स्विर्नरला नमुना होता, एवढाच फरक.