आश्रयगृहात भरणारी शाळा

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. सुमारे १०,००० माणसे दगावली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा परिसरात समुद्राने गावेच्या गावे गिळली. पूर्वसूचना मिळाली होती; परंतु आसरा घेण्याजोग्या पक्क्या इमारती मोजक्याच होत्या आणि कोणी, कोणत्या वाटेने, कोठे जावे, हे बहुतेक गावांत ठरलेले नव्हते.

त्याच वर्षअखेरीस राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले आणि पुढे किनाऱ्यालगत आश्रयगृहे उभारली. त्या भिंतींना अर्थ दिला तो ग्रामपंचायती आणि गावकऱ्यांनी. वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रियांच्या याद्या, बचाव आणि प्रथमोपचाराची पथके, नियमित रंगीत तालीम, अशी सिद्धता गावोगाव होऊ लागली. २०१३ च्या फायलिन वादळात सुमारे १० लाख लोक वेळेत हलविले गेले. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

यांतील अनेक आश्रयगृहांत एरवी शाळा भरते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने देशातील प्रत्येक स्थानिक संस्थेवर सज्जतेची जबाबदारी टाकली आहे. आपल्या प्रभागाची योजना कोणती आणि तीत आपल्या शाळेचे स्थान काय, हा प्रश्न हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य विचारावा.