रायवळ, कलम आणि परसातलं झाड
(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय तसा घरगुती आहे. परसातलं झाड. राजे, लढाया, तह यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. पण घराच्या मागं उभा असलेला आंबा, पेरू, डाळिंब यांनाही इतिहास आहे, आणि तो आपल्या समजुतीपेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. तो समजून घ्यायला आपण आज एकच गाव डोळ्यांसमोर ठेवू. इंदापूर तालुक्यातलं डाळज. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण सोडलं की डाळज लागतं. एका बाजूला उजनीचं पसरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. झाड जगवणं म्हणजे काय, हे अशा गावाला कोणी शिकवायला लागत नाही.

अशा मुलखातल्या जुन्या परसात काय असायचं? बोर, शेवगा, लिंब, कडुनिंब, बांधाला चिंच. न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं केळ किंवा अळू. आणि नशीब चांगलं असेल, विहिरीला पाणी असेल, तर एखादा आंबा. हा आंबा बहुधा रायवळ. म्हणजे कोणीतरी आंबा खाऊन कोय टाकली, ती रुजली, आणि त्याचं झाड झालं.

आता इथं मुद्दा बघा. कोयीतून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. केरळच्या किनाऱ्याकडच्या काही जाती सोडल्या, तर आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीतून येणारं प्रत्येक रोप वेगळं. आईबापांचे गुण मिसळून झालेलं स्वतंत्र झाड. म्हणून रायवळातला एक शेपू लागतो, दुसरा साखऱ्या, तिसरा नुसता लोणच्याचा. एखादं झाड अमृतासारखं निघालं, तर ते जगात एकमेव. ते मेलं की ती चव गेली. कोय लावून ती परत येत नाही. परसातल्या झाडाचा सगळा इतिहास एका अर्थानं याच अडचणीचा आहे: चांगलं निघालेलं झाड टिकवायचं कसं?

याचं उत्तर म्हणजे कलम. हा शब्दही मोठा मजेशीर आहे. तो फारसी-अरबीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ बोरू, लेखणी. कायद्याचं कलम, लिहायचं कलम आणि आंब्याचं कलम हा एकच शब्द. बोरूचं टोक जसं तिरकं तासायचं, तशीच कलमकाडी तिरकी तासायची. हाताची क्रिया सारखी, म्हणून नावही तेच.

मग शब्द बाहेरून आला म्हणजे विद्याही बाहेरून आली का? तसं नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशी झाडं फांदीपासून लावावीत, फांदीला शेण लिंपावं, दुसऱ्या झाडाच्या मुळाशी किंवा खोडावर ती बसवावी, असं त्यात सांगितलं आहे. पुढं साधारण दहाव्या-अकराव्या शतकातला सुरपाल. त्याचा वृक्षायुर्वेद हा स्वतंत्र ग्रंथ. त्याची पोथी ऑक्सफर्डला होती आणि तिचं इंग्रजी भाषांतर 1996 साली छापलं गेलं. कुणपजल नावाचं आंबवलेलं खत त्यात आहे, आणि फुलांचे रंग बदलण्याच्या, न पटणाऱ्या युक्त्याही आहेत. जुना ग्रंथ म्हणून सगळंच खरं धरायचं नाही, आणि सगळंच टाकायचंही नाही. फांदी दुसऱ्या झाडावर जगते ही कल्पना आपल्याकडे चौदा-पंधराशे वर्षं जुनी आहे, एवढं त्यातून निश्चित म्हणता येतं.

पण कल्पना पोथीत असणं आणि ती घरोघरी असणं यात फरक आहे. सामान्य रयतेचं झाड कोयीचंच होतं आणि ते वाढवायला आयुष्य जायचं. याची जाणीव रामचंद्रपंत अमात्यांना होती. 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिताना ते बजावतात की आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यावर तिच्या दुःखाला पार नसतो. अगदीच जीर्ण झाड असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. बलात्कार करू नये. राज्यकारभाराच्या ग्रंथात परसातल्या झाडाची ही किंमत मांडली गेली, हे लक्षात ठेवू. पुढं आपल्याला ते लागणार आहे.

आंब्याच्या कलमाला खरी चालना मिळाली ती गोव्यात, पोर्तुगीज काळात. तिथल्या पाद्र्यांच्या आणि जमीनदारांच्या बागांतून निवडक झाडांची कलमं होऊ लागली. हापूस हे नाव अफोन्सो द आल्बुकर्कवरून आलं असं मानतात. मानकुराद, फर्नांदिन ही नावंही पोर्तुगीज वळणाची. पद्धत होती भेट कलमाची. कुंडीतलं रायवळ रोप मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत न्यायचं, दोघांची साल तासायची, जखमा एकमेकींना भिडवून बांधायच्या, आणि दोन-तीन महिने दोघांना पाणी द्यायचं. सालीच्या आतला जिवंत थर जुळला की फांदी आईपासून तोडायची. काम खात्रीचं, पण खटाटोपाचं. मचाण बांधा, रोपं वर टांगा, रोज पाणी घाला. म्हणजे माणसं आणि पैसा हवा. त्यामुळे कलमी आंबा बराच काळ सरदार, इनामदार, श्रीमंत यांच्या बागेत राहिला आणि रायवळ रयतेच्या बांधावर. आजही 'कलमी' म्हटलं की उच्च आणि 'रायवळ' म्हटलं की सामान्य, ही भावना आपल्या भाषेत शिल्लक आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. पेरू, सीताफळ, रामफळ, पपई ही झाडं अमेरिका खंडातून आपल्याकडे आली. सीता आणि राम ही नावं देऊन आपण त्यांना इतकं घरचं करून टाकलं, की आज ती गावठी म्हणून ओळखली जातात. परस कधीच नुसतं 'आपलं' नव्हतं. जे जगलं, रुजलं, ते आपलं झालं.

आता विसाव्या शतकात येऊ. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी फळझाडांवर काम केलं. लखनौच्या बियाण्यातून आलेल्या रोपांतून 1927 मध्ये त्यांनी पेरूचं एक झाड निवडलं. तोच एल-49, म्हणजे आपला सरदार पेरू. आळंदी डाळिंबाच्या रोपांतून 1936 मध्ये निवडलेलं झाड पुढं 'गणेश' झालं. बघा, ही दोन्ही झाडं बियांपासून आलेली होती. अनेक रोपांत एक वेगळं निघालं, ते कोणाच्या तरी नजरेनं हेरलं, आणि मग कलमांनी ते गावोगाव गेलं. बी नवं देतं, कलम असलेलं टिकवतं. दोन्ही नसतील तर बाग होत नाही. रायवळाला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. प्रत्येक कलमी जातीची आई कधीतरी रायवळच होती.

आपल्या डाळजच्या परिसरात मात्र इतिहासाला पाण्यानं वळण दिलं. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरचा नीरेच्या अंगाचा भाग बागायती झाला. भीमेच्या अंगाची गावं नदीकाठच्या जमिनींवर जगत होती. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठ पाण्याखाली गेला. शेजारच्या पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ आजही पाणी ओसरलं की वर येतं आणि लोक बघायला जातात. देऊळ दगडाचं, म्हणून ते परत दिसतं. झाडं परत दिसत नाहीत.

विस्थापनाचा हिशोब जमीन, घर, विहीर असा होतो. झाडाचे पैसेही मिळत असतील. पण बैलगाडीत भांडी येतात, देव येतात, जनावरं दोरीनं येतात. तीस-चाळीस वर्षांचा आंबा येत नाही. कोय आणली तर तोच आंबा लागत नाही. नेता येईल अशी एकच गोष्ट असते: त्या झाडाची वीतभर काडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. म्हणजे ज्याच्या हातात कलम बांधायची कला आहे, त्याचंच परस नव्या गावठाणात त्याच्यासोबत जाऊ शकतं. अमात्यांनी ज्या दुःखाबद्दल लिहिलं होतं, त्यावर हा एकच उपाय होता. आणि तो फार थोड्यांच्या हातात होता.

ही कला सोपी झाली ती कोय कलमामुळे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ती पद्धत रुळवली. कोय रुजून दहा-पंधरा दिवस झालेलं, अजून तांबूस असलेलं रोप घ्यायचं. कोयीच्या वर तीनेक इंचांवर शेंडा कापायचा, मध्ये उभी चीर द्यायची. हव्या त्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. पावसाळ्याची दमट हवा असली की काम फत्ते. मचाण नको, मोठं झाड जवळ नको. काडी पिशवीतून दुसऱ्या गावाला नेता येते. पुढं 1990 मध्ये महाराष्ट्रानं फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली, आणि कलमी रोप सामान्य शेतकऱ्याच्या बांधावर पोचलं.

कोरड्या मुलखासाठी तर याहून सोपा मार्ग बोरीचा. बांधावरची रानबोर कोणी पाणी न घालता जगते, कारण तिची मुळं खोल असतात. ती उन्हाळ्यात छाटायची, नवे फुटवे आले की पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यावर चांगल्या बोराचा डोळा भरायचा. मुळं रानाची, फळ उमराणचं. फक्त डोळ्याच्या खालून येणारे फुटवे काढत राहायचे, नाहीतर रानबोर पुन्हा वरचढ होते.

पण कलमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कलम गुण जसा नेतं तसा रोगही नेतं. आपल्या भागातल्या डाळिंबवाल्यांना तेल्या सांगायला नको. डाळिंब गुटीनं वाढतं. झाड रोगट असेल तर गुटीही रोगट, आणि एका बागेतला रोग रोपांबरोबर तालुकाभर जातो. दुसरं असं, की सगळ्यांकडे एकाच झाडाची कलमं असतील, तर एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. बांधावर दहा तऱ्हेचे रायवळ होते तेव्हा हा धोका कमी होता.

म्हणून या इतिहासातून आपण काय घ्यायचं? परसात सहा झाडं लावायची असतील, तर चार कलमी लावा, पण दोन कोयीची, बियांची असू द्या. रोप घेताना मातृवृक्ष कोणता, निरोगी आहे का, हे विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या आजीनं लावलेलं, चांगल्या चवीचं एखादं रायवळ अजून उभं असेल, तर रस्ता रुंद व्हायच्या, घर वाढवायच्या, विहीर आटायच्या आधी, या पावसाळ्यात त्याच्या दोन-चार काड्या बांधून घ्या. एक आपल्याकडे ठेवा, बाकीच्या शेजाऱ्यांना, लेकीच्या सासरी द्या. एकाच परसात असलेलं झाड जाऊ शकतं. चार परसांत गेलेलं सहसा जात नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.