पांजरपोळ मुळात कुणासाठी निघाला?



बंड्या आमच्याकडे तीन महिने होता. पावसाळ्यात गटाराच्या पाइपात अडकलेला सापडला, पायाला मोठी जखम. पाय बरा झाला आणि स्वारीचं खरं रूप दिसलं. येईल त्याच्या अंगावर उडी, तोंड चाटायचं, चपला पळवायच्या. सासूबाई आंघोळ करून चौक्याकडे निघाल्या की याचं प्रेम नेमकं तेव्हाच उतू जायचं. एकदा त्या तोल जाऊन पडल्या, मनगट मुरगळलं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे जमणार नव्हतं. त्याला दुसरं घर बघायचं ठरलं.

"पांजरपोळात सोडा," दीर म्हणाले. "तिथं गाई ठेवतात, कुत्री नव्हे," सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटायचं. पण वाचायला बसले तर निराळंच निघालं.

मुंबईचा पांजरपोळ सुरू झाला तो कुत्र्यांमुळे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारायचा हुकूम असे. १८३२ साली मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत होते. त्या लोभापायी पकडणारे घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, हे चाललेलं पाहून कोटातल्या पारशांचा संयम सुटला आणि शिपायांना मार बसला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यात पारशांबरोबर आपले जैन व्यापारी होते, हिंदू होते, इस्माइली होते. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचं अन्नसुद्धा अडवलं गेलं. शेवटी सैन्य बोलावून धरपकड झाली. नंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची, अशी तडजोड निघाली.

मला विचाराल तर ती तडजोड अर्धवटच होती. कुत्रं आपली गल्ली सोडून राहत नाही, आणि परक्या गल्लीतली कुत्री त्याला राहू देत नाहीत. २००१ च्या सरकारी नियमांनी तर नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं उचलल्या जागीच परत सोडायला सांगितलं.

१८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई (तेव्हा ते 'सर' झालेले नव्हते) आणि आपले मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा राहिला. पालिताण्याची मोतीशा टूक आणि भायखळ्याचं आदिनाथ मंदिर ज्यांचं, तेच हे शेठ. दोघांच्या पैशात चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता, हेही लपवू नये. अभयदान देणाऱ्या हातांचा हिशेब असा गुंतागुंतीचा असतो.

एवढं वाचूनही मी बंड्याला पांजरपोळात दिलं नाही. म्हातारं, लुळंपांगळं जनावर तिथं सुखानं दिवस काढेल. पण ज्याला दिवसभर माणूस लागतं, त्याला निवारा म्हणजे घर नव्हे. पहिल्या घरानं पाच दिवसांत परत आणून सोडलं, सगळ्या कुंड्या उकरल्या म्हणून. दुसऱ्यांना शेतावर साखळीनं बांधायला हवा होता. मीच नाही म्हटलं.

मग कुपवाडची एक मुलगी आली. पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे पाच किलोमीटर पळते. बंड्यानं तिचे बूट हुंगले आणि दारातच लोळण घेतली. घरी आई, आजी, मोकळं अंगण. सगळं छान. फक्त त्यांच्याकडे मटण शिजतं, आणि कुत्र्यालाही मिळणार, हे तिनं सरळ सांगितलं.

मी दोन रात्री झोपले नाही. आमच्याकडे तो दूध-भाकरी, भात खायचा. वाचवायचं मी, आणि पाठवायचं अशा घरी? मंदिरातल्या एका काकूंनी तर "पाप तुलाच लागेल" असं ऐकवलं.

सासूबाई जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "जीवंधर कुमारानं त्या मरत्या कुत्र्याच्या कानात णमोकार म्हटला. यज्ञाचं अन्न विटाळलं म्हणून त्याला मारलं होतं ना? आधी काय खाल्लंस, पुढं काय खाशील, असं त्यानं विचारलं होतं का?" ती कथा मी लहानपणापासून ऐकलेली. कुत्रं पुढं सुदर्शन यक्ष झालं, एवढंच माझ्या लक्षात होतं.

रविवारी मुलगी त्याला घ्यायला आली. लसीचं कार्ड, नसबंदीचा कागद आणि त्याची फाटकी चादर मी पिशवीत घातली. मटणाचं बारीक हाड देऊ नका, घशात अडकतं, असं सांगताना माझीच जीभ अडखळली. बंड्या स्कूटीवर तिच्या पायांपाशी बसला आणि कोपऱ्यापर्यंत मागं वळून भुंकत राहिला. सासूबाई मनगटाला पट्टी बांधलेल्या हाताने गॅलरीतून टाटा करत होत्या.