अमेरिकी द्राक्षांच्या वाइनचा गंध

व्हायटिस लाब्रुस्का ही उत्तर अमेरिकेतली रानवेल आणि तिचे संकर (कॉनकॉर्ड, कटॉबा, नायगारा, इझाबेला) यांच्या वाइनला येणारा उग्र, गोडसर वास. इंग्रजीत याला ‘फॉक्सी’, म्हणजे कोल्ह्यासारखा, म्हणतात. आपल्या कोल्ह्याने द्राक्षे आंबट ठरवली, तिकडच्याने त्यांना वास चिकटवला. कारण मुख्यतः मिथाइल अँथ्रानिलेट. हेच द्रव्य मोगऱ्यात असते आणि द्राक्षाच्या चवीच्या जांभळ्या गोळ्यांतही घालतात. म्हणून ही वाइन चाखताना आधी गोळीच आठवते. फ्युरॅनिऑलमुळे स्ट्रॉबेरीची झाक येते. फळ पिकत जाईल तसा वास चढतो, त्यामुळे तो नको असणारे तोडणी लवकर उरकतात. नॉर्टन ही अमेरिकीच जात, पण व्हायटिस एस्टिव्हॅलिस या प्रजातीतली. तिच्यात हा वास जवळजवळ नसतो.

बाजारातली काळी बेंगळुरू ब्लू म्हणजे इझाबेलाच. मणी चिमटीत दाबला की गर सालीतून अख्खा निसटतो आणि वास बोटांवर राहतो. थॉमसन सीडलेस द्राक्षाची साल अशी सुटत नाही, मणी चिरडतो.

नाशिकच्या नावाजलेल्या वाइनमध्ये हा वास शोधू नये. सुला या वायनरीच्या 2000 सालच्या पहिल्या वाइनपासून इथे शेनिन ब्लाँ, सोविन्यॉ ब्लाँ, शिराझ अशा युरोपीय व्हिनिफेरा जातींचा जम बसला. इथे होणारी झिनफँडेलही कॅलिफोर्नियाची म्हणून ओळखली जाते, पण 2001 मध्ये डीएनए तपासणीत ती क्रोएशियाची निघाली. खरी अमेरिकी वेल नाशिकला आहे ती जमिनीत. पाणी कमी, माती क्षारयुक्त, म्हणून बागाईतदार डॉगरीज किंवा 110 आर या खुंटांवर कलम भरतो. वास मण्यात तयार होतो आणि मणी वरच्या कलमाचा, त्यामुळे खुंटाचा वास पेल्यात उतरत नाही.

फळातच अमेरिकी रक्त असलेली जात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढली : एआरआय-516, कटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांचा संकर. छाटणीनंतर 110 ते 120 दिवसांत ती तयार होते. रस, जॅम आणि लाल वाइनसाठी तिची शिफारस आहे. कटॉबाकडून घ्यायचा होता तो मुख्यतः बुरशीला दाद न देण्याचा गुण. द्राक्षबागेत केवडा म्हटले की फूल नव्हे, पाने पिवळी पाडणारा रोग आठवतो, आणि त्यावरच्या फवारण्यांचा खर्च.