खर्ड्याचे जामीनदार

जामखेडहून वीसएक किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगररांगेला लागून खर्डा आहे. गावाला लागून घडीव दगडांचा, चौकोनी, भोवती खंदक असलेला भुईकोट किल्ला. शाळेच्या पुस्तकात हे गाव एका ओळीपुरतं येतं: ११ मार्च १७९५, निजामाविरुद्ध सगळ्या मराठी फौजांनी मिळून जिंकलेली शेवटची मोठी लढाई. लढाई एका दिवसात आटोपली. तिच्यानंतर झालेल्या कराराचं काय झालं हे मात्र पुस्तकात क्वचितच येतं. गावाच्या पुढच्या दोनशे वर्षांशी संबंध जास्त लागतो तो त्या कराराचाच.

किल्ला बांधला सुलतानराजे निंबाळकरांनी, १७४३च्या सुमारास. निंबाळकर मराठे, पण चाकरी निजामाची. आज हे वाचताना काहींना अडखळायला होतं. अठराव्या शतकात कुणाला त्याचं नवल नव्हतं. एक निंबाळकर छत्रपतींचा सोयरा, दुसरा निजामाचा सरदार, आणि दोघंही आपापल्या वतनाला धरून. या पट्ट्यातली गावं तर एकाच वेळी दोन सरकारांना वसूल देत. मुलूख निजामाचा, पण वसुलाची चौथाई आणि त्यावर दहा टक्के सरदेशमुखी मराठ्यांची. रयतेच्या दृष्टीनं कुणाचं राज्य हा प्रश्न दुय्यम होता. या सालचा वसूल मागायला आधी कोण येतो, यावर तिचं बरं-वाईट ठरे.

१७९५चं भांडण याच थकबाकीवरून पेटलं. निजामअलीकडे वर्षानुवर्षांची बाकी तुंबलेली. फेब्रुवारी १७९४मध्ये महादजी शिंदे वारले, तसा निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला जोर चढला. मराठ्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादच्या दरबारात हिशेबाचे कागद घेऊन बसलेले. दिवाणानं हिशेब समजावून द्यायला खुद्द नाना फडणवीसांनाच बोलावणं धाडलं. हा सरळ अपमान होता, आणि पुण्यात तो तसाच घेतला गेला.

निजामाची फौज मोहरीच्या घाटानं खाली उतरली. मराठ्यांकडून परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती, शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँच्या हाताखाली, होळकर आणि नागपूरकर भोसले सोबत, आणि वीस वर्षांचा पेशवा सवाई माधवराव स्वतः छावणीत. निजामाकडे रेमाँ या फ्रेंचानं तयार केलेल्या पलटणी होत्या. त्या बऱ्या लढल्याही. पण रात्री निजामाच्या गोटात घबराट उडाली आणि तो खर्ड्याच्या कोटात शिरला. मराठ्यांनी वेढा आवळला, आणि थोड्याच दिवसांत बोलणी सुरू झाली. इंग्रज निजामाचे मित्र म्हणवत, पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरनं तटस्थ राहणं पसंत केलं. इतिहासकार ग्रँट डफनं तरुण पेशव्याची एक हकिगत नोंदवली आहे. सगळे आनंदात असताना तो खिन्न होता. एका बाजूनं इतक्या सहज मान टाकावी आणि दुसरीनं न लढता मिळालेल्या विजयाच्या बढाया माराव्यात, याचं त्याला वाईट वाटलं. हकिगत खरी असेल तर त्या छावणीत सर्वांत जाणता माणूस तोच होता म्हणायचं.

करार भरभक्कम होता. तीन कोटी रुपये, दौलताबादच्या किल्ल्यासकट ३५ लाखांच्या वसुलाचा मुलूख, आणि दिवाण मुशीर-उल्-मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन. हे शेवटचं कलम नीट पाहण्यासारखं आहे. पैसे पुढे यायचे, मुलूख पुढे मिळायचा, हातात आजच्या आज आला तो माणूस. तोच त्या कराराचा जामीन.

मराठी राज्यव्यवहारात याची चांगली मुरलेली रीत होती. साधा वतनाचा तंटा पंचायतीपुढे गेला तरी दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घेत. पंच ठरवतील ते मान्य, असा. त्याच्या जोडीला जामीनकतबा. निकाल मोडला तर मी भरून देईन, असं कुणी तिऱ्हाईतानं लिहून दिल्याशिवाय मनसुबी, म्हणजे तंट्याची चौकशी, पुढे सरकत नसे. न्याय म्हणजे निकाल अधिक जामीन, हे गृहीतच होतं.

खर्ड्याच्या करारात हा जामीनच ढिला पडला. लढाईला आठ महिने होण्याआधी, २७ ऑक्टोबर १७९५ला सवाई माधवराव वारला. गादीवर कोण, यावरून पुण्यात कारस्थानांना ऊत आला. आपली बाजू सावरण्यासाठी नानांना निजामाची मदत हवी झाली, आणि १७९६च्या महाडच्या करारानं खर्ड्यात मिळवलेला मुलूख परत करायचं आणि उरलेल्या पैशांवर पाणी सोडायचं त्यांनी कबूल केलं. दिवाण सुटून हैदराबादला परतला. १७९८मध्ये निजामानं इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. त्याचा दिवाण तेव्हा कोण होता? तोच, मुशीर-उल्-मुल्क. खर्ड्यात जिंकलेल्यांनी तीन वर्षांत जिंकलेलं घालवलं, आणि हरलेल्यानं नवा, बळकट जामीन गाठला.

पेशवाई बुडाल्यावर नगरला पहिला कलेक्टर आला तो हेन्री पॉटिंजर. इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टननं सुरुवातीला पंचायती चालू ठेवल्या, पण १८२७च्या नियमावलीनंतर कोर्टाचं वजन वाढत गेलं. जामखेड तालुक्याचा नकाशा त्या काळात मोठा गमतीचा होता. इंग्रजी हद्दीतली गावं निजामाच्या हद्दीत घुसलेली, निजामाची इकडे. सीमेवरचं खर्डा व्यापाराला सोयीचं पडलं. बालाघाटावरचं धान्य आणि कापड इथे येई आणि पश्चिमेला पुण्याकडे जाई. गावात सावकार-दुकानदारांची वस्ती मोठी होती.

कोर्ट आलं आणि सावकाराच्या वहीला नवी ताकद आली. पूर्वी रोखा किती खरा, याची चौकशी गावात होई. आता रोख्यावर अंगठा असला की कोर्टाची माणसं बैल सोडून न्यायला दारात. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि तो नगर जिल्ह्यात पसरला. लोकांनी सावकारांना मारण्यापेक्षा रोखे हिसकावून जाळण्यावर भर दिला. कुठे घाव घालायचा हे त्यांना नेमकं कळलं होतं. चार वर्षांनी, १८७९मध्ये, दख्खन कृषक कर्जमुक्ती कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कोर्टानं रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढेच व्हावा, असं त्यात होतं. गोऱ्या सरकारलाही कागदाला साक्षीदार जोडून द्यावा लागला.

साक्षीदारावरून एक जुनी गोष्ट. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की या मुलखात महाराची साक्ष मोलाची मानत. शीव त्याच्या पायाखालची. तो चालत जाई, आणि पंच त्याच्यामागून खुणा पाहत. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तराहून त्याच्या चालण्यावर विश्वास जास्त. आणि निकाल लागला की हाच माणूस पुन्हा गावकुसाबाहेर. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याला गावाच्या हद्दीत घर नव्हतं. या महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतनं गेली ती १९५८च्या कायद्यानं. त्याच वर्षी ग्रामपंचायतींचा कायदा झाला, १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या, १९६३च्या पहिल्या दिवसापासून पाटीलकीही गेली. पाचेक वर्षांत गावाची जुनी चौकट कायद्यानं उतरवली, आणि तिच्या जागी मतपेटी आली.

मतपेटी आली, पण गावाच्या चालीरीती तशाच राहिल्या, ही तक्रार काही एकट्या महाराष्ट्राची नाही. रोमानियानं १८६६मध्ये बेल्जियमच्या राज्यघटनेवरून आपली घटना उतरवून घेतली. दोनच वर्षांनी तितु मायोरेस्कू या तिथल्या विचारवंतानं लिहिलं की आपल्याकडे युरोपचे आकार तेवढे आलेत, आत द्रव्य नाही. १९०७मध्ये त्याच घटनेच्या छत्राखाली जमीनदारांविरुद्ध शेतकरी उठले आणि सरकारनं हजारोंना गोळ्या घातल्या. १९८९च्या डिसेंबरात तिथे हुकूमशाही कोसळली, हजाराहून जास्त माणसं मेली. त्या मृत्यूंचा तपास नीट झाला नाही, असं युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं २०११मध्ये म्हटलं. निवडणुका तोवर कितीतरी होऊन गेल्या होत्या. आंबेडकरांनी घटना समितीत दिलेला इशारा याच जातीचा होता. लोकशाही इथल्या जमिनीवर वरून पसरलेला थर आहे, खालची जमीन तशी नाही, असा त्याचा आशय.

त्याच १९८९मध्ये भारतात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. खर्ड्याचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं ते पंचवीस वर्षांनी.

२८ एप्रिल २०१४. नगर लोकसभेचं मतदान होऊन ११ दिवस झाले होते. गावातल्या १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. आईवडील मोलमजुरी करणारे. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेतून मारत नेलं आणि ठार केलं, असं फिर्यादीचं म्हणणं. खर्डा देशभरच्या बातम्यांत आलं. मंत्री, पुढारी, संघटना, सगळे येऊन गेले. खटला नगरच्या जिल्हा न्यायालयात चालला, आणि गावातले साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. २३ नोव्हेंबर २०१७ला सगळे आरोपी निर्दोष सुटले. कोर्टापुढे पुरावा नसेल तर न्यायाधीश तरी काय करणार, असं म्हणता येतं, आणि ते चूक नाही. पण ज्या गावात एवढी मोठी घटना भरदिवसा सुरू झाली, तिथे कोर्टात सांगण्यासारखं कुणीच काही पाहिलं नाही, हे पचायला जड जातं.

त्याच आठवड्याच्या मागेपुढे त्याच न्यायालयात कोपर्डीचा खटला संपत होता. कोपर्डी शेजारच्या कर्जत तालुक्यातलं. जुलै २०१६मध्ये तिथे एका मराठा मुलीवर अत्याचार करून तिला मारलं होतं. त्यातून पुढे लाखोंचे मूक मोर्चे निघाले, आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा बदला, ही मागणीही त्या मोर्च्यांत आली. २९ नोव्हेंबर २०१७ला तिघांना फाशीची शिक्षा झाली. दोन घटना वेगळ्या, पुरावे वेगळे, न्यायनिवाड्यांची तुलना करणं बरोबर नाही. तुलना करायची तर साक्षीदारांच्या पाठीशी कोण उभं होतं याची करावी. कोपर्डीत साक्षीदाराच्या पाठीशी गाव होतं, आणि गावाबाहेरचा महाराष्ट्रही. खर्ड्यात साक्षीदाराला गावाच्याच विरुद्ध बोलायचं होतं.

इथे लोकशाहीतली एक गाठ लक्षात येते. मत गुप्त असतं, साक्ष उघड असते. कर्जत-जामखेडची आमदारकी २०२४मध्ये १,२४३ मतांनी ठरली. अशा मतदारसंघात एकेका वस्तीचं मत मोलाचं, उमेदवार हात जोडून दारात येतात. मत देणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही म्हणून ते देता येतं. साक्ष देणारा मात्र पिंजऱ्यात उभा राहून नाव, गाव, बापाचं नाव सांगतो, आणि संध्याकाळच्या एसटीनं त्याच गावात परततो.

तालुक्यात दुसरं उदाहरणही आहे आणि ते विसरणं अन्यायाचं होईल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये जामखेडला आले. गावोगावच्या बायांना, त्यांतल्या कितीतरी दलित, त्यांनी आरोग्यसेविका केलं. पाण्याचे हातपंप मुद्दाम दलित वस्तीत घेतले. तहान लागली की पाटलाच्या घरची कळशीही तिथे यायची. वाद न घालता, फलक न लावता एक सोवळं ढिलं झालं. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हातपंपाशी रोज भेटणारी माणसं कोर्टात एकमेकांसाठी उभी राहतीलच असं नाही. तरी ओळखीशिवाय कुणी कुणाचा जामीन राहत नाही, हेही तितकंच खरं.

खर्ड्याच्या किल्ल्याचं राजकारण अजून संपलेलं नाही. १५ ऑक्टोबर २०२१ला, दसऱ्याच्या दिवशी, तिथे ७४ मीटर उंच खांबावर भगवा ध्वज चढवला गेला. निंबाळकरांनी निजामासाठी बांधलेल्या कोटाला ही नवी ओळख मिळाली. जिल्ह्याचं नावही याच तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीवरून अहिल्यानगर झालं.

कायदा मात्र सावकाश का होईना, साक्षीदाराकडे वळला. २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं अत्याचाराच्या खटल्यांत पीडित आणि साक्षीदारांचे हक्क स्वतंत्र प्रकरणात लिहिले. ५ डिसेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, आणि १ जुलै २०२४पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अशी योजना करणं राज्यांवर बंधनकारक झालं. योजनेप्रमाणे साक्षीदारानं अर्ज करायचा तो जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या समितीकडे. पोलीस धोक्याचा अहवाल देतात, मग संरक्षण मिळतं, एका वेळी तीन महिन्यांपुरतं. खर्ड्याच्या माणसासाठी ही समिती बसते नगरला, जामखेडच्याही पुढे. अर्ज करायला निघालेला माणूस कुठे चालला आहे, हे एसटी थांब्यावरच्या चहाच्या टपरीला गाडी सुटण्याआधी कळलेलं असतं.