डॉ. वि. श्री. वाकणकर : एका चित्रकला-शिक्षकाची संशोधनयात्रा



सांदीपनींच्या आश्रमाची परंपरा सांगणाऱ्या या उज्जयिनीत स्मृतिव्याख्यान द्यायचे, तर ते एखाद्या शिक्षकाच्या स्मरणार्थ असावे असे मनाने घेतले. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे नाव आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु भीमबेटका येथील शैलचित्रांचे संशोधक म्हणून. हरिभाऊ या घरगुती नावाने माळव्यात वावरलेला हा पुरुष चित्रकलेचा शिक्षक होता, ही गोष्ट चरित्रात एका ओळीत उरकली जाते. माझे प्रतिपाद्य एवढेच, की त्यांच्या संशोधनाचे मूळ त्या एका ओळीत आहे. माझा विषय मराठी वाङ्मय. पुरातत्त्वातील अधिकारवाणी माझ्याकडे नाही. मात्र शिकविण्याच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे शिक्षकाच्या कामाविषयी दोन शब्द बोलण्यास हरकत नसावी.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या मागोमाग माळव्यात स्थिरावलेल्या मराठी समाजाची ती भूमी. घरात मराठी, बाजारात माळवी आणि व्यवहारात हिंदी, असा तिहेरी संस्कार या समाजावर झाला. शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेल्यावर उज्जैनचे राजकीय महत्त्व ओसरले. विद्येचे मात्र ओसरले नाही. जयसिंगाची वेधशाळा, माधव महाविद्यालय आणि १९५७ मध्ये स्थापन झालेले विक्रम विद्यापीठ ही त्याची साक्ष होय. याच गावात वाकणकरांनी भारती कला भवन ही चित्रकलेची संस्था उभी केली. सचिदा नागदेव यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले.

आता भीमबेटक्याकडे वळू. १९५७-५८ च्या सुमारास भोपाळकडे रेल्वेने जात असताना वाकणकरांना खिडकीतून विलक्षण आकाराचे खडक दिसले, ते उतरले आणि शोध लागला, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. भीमबेटक्याचे नाव १८८८ मध्येच डब्ल्यू. किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखात आले होते. स्थानिक आदिवासींकडून ऐकलेल्या माहितीवरून त्याने ते बौद्ध स्थळ मानले. आर्चिबॉल्ड कार्लाइल यास मिर्झापूरच्या डोंगरांत शैलचित्रे आढळली ती १८६७-६८ मध्ये, म्हणजे स्पेनमधील आल्तामिराच्याही आधी. पचमढीच्या चित्रांवर डी. एच. गॉर्डन यांनी १९३० नंतरच्या दशकात लिहिले होते. भोपाळ-इटारसी मार्गावरून रोज गाड्या धावत होत्या आणि ते खडक हजारो प्रवाशांच्या दृष्टीस पडत होते. त्या खडकांत आश्रयस्थाने असतील आणि आश्रयस्थानांत चित्रे असतील, हा तर्क करण्यास मात्र पाहण्याची सवय लागलेली नजर हवी होती. ती नजर रेखाटनाच्या नित्य अभ्यासातून येते.

भीमबेटक्याच्या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. तेथे चित्रांवर चित्रे काढलेली आहेत. एका पिढीने काढलेल्या प्राण्यावर दुसऱ्या पिढीने आपली आकृती काढली, तीवर तिसरीने. तांबड्या, पांढऱ्या, क्वचित हिरव्या रेषांचे हे जाळे उलगडायचे कसे? त्या काळच्या छायाचित्रात पुसट रेषा उमटणे कठीण. कागद घेऊन बसावे, एकेक रेषा डोळ्याने सोडवावी, कोणती वर आणि कोणती खाली हे ठरवावे, आणि तशीच हाताने उतरवावी, हाच खात्रीचा मार्ग होता. जी रेषा नीट दिसली नाही ती काढता येत नाही. म्हणून नक्कल करणारा हात डोळ्याची परीक्षाच घेत असतो. वाकणकरांनी शैली आणि रंगांचे थर यांच्या आधारे या चित्रांचा कालानुक्रम मांडला, तो या कष्टातून. या कामी त्यांचे विद्यार्थीही त्यांच्याबरोबर डोंगर चढले. वर्गातले शिक्षण तेथे संशोधनाला जोडले गेले.

उज्जैनपासून जवळच असलेल्या कायथा या गावीही हेच घडले. वराहमिहिराच्या कपित्थकाशी परंपरेने जोडले गेलेले हे गाव. तेथील टेकाडाचे महत्त्व वाकणकरांनी ओळखले, आणि १९६५ ते १९६८ या काळात विक्रम विद्यापीठ व पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्या उत्खननांतून माळव्याची ताम्रपाषाणयुगीन संस्कृती उजेडात आली. तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, मण्यांच्या माळा यांनी या प्रदेशाचा इतिहास विक्रमादित्याच्या कथांपलीकडे, चार सहस्र वर्षांहून मागे नेला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. भीमबेटक्याचा शोध लागून पंधरा वर्षे झाल्यावर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, म्हणजे १९७३ मध्ये, वाकणकरांनी भारतातील चित्रित शैलाश्रयांवर प्रबंध लिहून पुणे विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. डॉ. ह. धी. सांकलिया हे त्यांचे मार्गदर्शक. नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्यास जो विनय लागतो, तो पदवीहून मोठा. १९७५ मध्ये पद्मश्री, १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह इंग्रजी ग्रंथ; ही फळे नंतरची.

त्यांची सर्व मते टिकली असे मात्र नाही. काही चित्रे त्यांनी उत्तर पुराश्मयुगाइतकी प्राचीन मानली. यशोधर मठपाल यांनी ती मध्याश्मयुगाच्या मागे नेता येत नाहीत असे प्रतिपादिले. हे मठपाल स्वतः चित्रकारच, आणि त्यांनीही भीमबेटक्याच्या चित्रांच्या प्रतिकृती हाताने केल्या. मतभेद झाला तोही हातात कुंचला धरणाऱ्या दोघा अभ्यासकांत! आपल्या निष्कर्षाची छाननी करता येईल असे साधन मागे ठेवणे, हे संशोधकाचे आणि शिक्षकाचेही कर्तव्य होय.

३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूर येथे वाकणकरांचे निधन झाले. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटक्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो पाहण्यास ते नव्हते.

मित्रहो, आपल्या शाळांतून चित्रकलेचा तास हा वेळापत्रकातील मोकळा तास समजला जातो. परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक तो मागून घेतात आणि कोणी तक्रार करीत नाही. आपणही ती कधी केली नाही. वाकणकरांचे चरित्र आपल्याला विचारते आहे, की त्या तासाबरोबर आपण मुलांपासून काय काढून घेतो? खडकांवरील रंग ऊन, पाऊस आणि माणसांच्या स्पर्शाने झिजत असतात. ते नीट पाहून उतरवून ठेवणारी पिढी शाळेतच घडावी लागते. संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे, की या व्याख्यानाची आठवण म्हणून निदान तो एक तास अबाधित राखावा. आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील शिळा, मंदिरे, जुने वाडे यांची रेखाटने करण्यास मुलांना सोबत न्यावे. वाकणकर सरांना हे स्मरण अधिक रुचले असते, असे मला वाटते.