द्राक्षांच्या खोऱ्यांतील एक मधुचंद्र



गेल्या उन्हाळ्यांत माझी पुतणी आणि तिचे यजमान अमेरिकेंतील नापा नांवाच्या खोऱ्यांत चार दिवस विसाव्यासाठीं जाऊन आलीं. परतल्यावर तिनें मला छायाचित्रें दाखविलीं. डोंगरउतारावर आंखल्यासारख्या द्राक्षवेलींच्या रांगा, दगडी तळघरांत मांडलेलीं ओकची पिंपें, गरम झऱ्यांच्या पाण्याचे हौद, आणि सायंकाळीं व्हरांड्यांत ठेवलेले दोन उंच पेले. "काका, तेथें कांहींच करायचें नसतें, नुसतें बसायचें असतें," असें ती म्हणाली. मीं विचारलें, "खोऱ्याच्या टोकाला सेंट हेलेना नांवाचा डोंगर आहे, तो पाहिलास काय?" ती म्हणाली, "खोलीच्या खिडकींतून रोज दिसे." त्या डोंगरावर एका जोडप्यानें काढलेल्या दोन महिन्यांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. तेंहि जोडपें विसाव्यासाठींच तेथें गेलें होतें. मात्र त्यांच्या वाट्याला हौद आले नाहींत, व्हरांडा आला नाहीं, आणि घराला धड दारहि नव्हतें.

‘ट्रेझर आयलंड’ हें पुस्तक मीं इंग्रजी शाळेंत वर्षानुवर्षें शिकविलें. वर्गांतील मुलांची अशी समजूत असे कीं, त्याचा कर्ता कोणी तरी दणकट दर्यावर्दी असला पाहिजे. वस्तुतः रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लहानपणापासून छातीच्या विकारानें पुनःपुन्हां अंथरूण धरणारा मनुष्य. १८५० सालीं एडिंबरो येथें त्याचा जन्म झाला. बाप दीपगृहें बांधणारा नामांकित इंजिनिअर, आणि मुलानें तोच धंदा चालवावा ही त्याची इच्छा. मुलानें इंजिनिअरी सोडली, वकिलीची परीक्षा दिली, वकिली न करतां लेखणी हातीं धरली, आणि १८७६ सालीं फ्रान्समधील एका खेड्यांत फॅनी ऑस्बर्न या अमेरिकन बाईवर त्याचें मन बसलें. ती त्याच्याहून दहा वर्षांनीं मोठी, विवाहित, आणि मुलांची आई. १८७८ सालीं ती कॅलिफोर्नियाला परत गेली. पुढल्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत, आईबापांस न विचारतां, स्टीव्हन्सन बोटीवर चढला. आणि न्यूयॉर्कहून देशांतर करणाऱ्या गोरगरिबांच्या आगगाडीनें सबंध अमेरिका ओलांडून पश्चिम किनाऱ्याला पोंचला. त्या प्रवासानें त्याची प्रकृति पार ढासळली. हिंवाळाभर तो सॅनफ्रान्सिस्कोंत अर्धपोटीं राहून लिहीत होता. पुढें रक्ताची गुळणी आली, तेव्हां फॅनीनेंच त्याला वांचविलें म्हणावयाचें.

अखेर बापाचें मन द्रवलें. वर्षाला २५० पौंड देऊं अशी तार आली. फॅनीला घटस्फोट मिळालेला होता. १९ मे १८८० रोजीं सॅनफ्रान्सिस्कोंत दोघांचें लग्न झालें. वर २९ वर्षांचा, वधू ४० वर्षांची. आणि वराची प्रकृति अशी कीं, हें लग्न संसारासाठीं कीं शुश्रूषेसाठीं, असा प्रश्न कोणालाहि पडावा. त्याला डोंगराची कोरडी हवा पाहिजे होती. म्हणून हीं दोघें, फॅनीचा बारा वर्षांचा मुलगा लॉइड आणि चूचू नांवाचा कुत्रा, अशीं सारीं नापा खोऱ्यांत आलीं.

हें खोरें सॅनफ्रान्सिस्कोच्या उत्तरेस आहे. लांबी सुमारें ३० मैल, दोहों बाजूंस डोंगरांच्या रांगा, आणि वरच्या टोकाला ४,३०० फुटांहून उंच असा सेंट हेलेना. त्याच्या पायथ्याशीं कॅलिस्टोगा हें गांव. तेथील गरम झरे पाहून सॅम ब्रॅनन नांवाच्या धनिकानें श्रीमंतांसाठीं विश्रांतिस्थान थाटलें होतें, आणि १८६८ सालीं आगगाडीहि आली होती. म्हणजे माझ्या पुतणीची सहल ही दीडशें वर्षांची जुनी रीत आहे. खोऱ्याचे मूळ रहिवासी वापो लोक. रोगराईनें आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जुलमानें ते तोंपर्यंत जवळजवळ नाहींसे झाले होते. ‘निसर्गरम्य’ हा शब्द आपण किती सहज वापरतों!

कॅलिस्टोगाच्या हॉटेलाचा खर्च आपल्या जोडप्याला झेपेना. तेव्हां कोणीसें सुचविलें कीं, डोंगरावर सिल्व्हराडो नांवाची चांदीची खाण आहे. ती थोडीं वर्षें चालून बंद पडली, वस्ती उठून गेली, मजुरांचें एक खोपट तेवढें उभें आहे. तेथें भाडें मागावयास कोणी येणार नाहीं. आणि खरोखरच तेथें मधुचंद्र साजरा झाला! खोपट उतारावर एकावर एक चढविलेल्या तीन खोल्यांचें. तावदानें एकहि शिल्लक नव्हतीं. फॅनीनें खिडक्यांना पांढरें कापड ठोकलें. वरच्या खोलींत शिरावयाचें तर तिरक्या फळीवरून चढून जावें लागे. आंत मजुरांच्या निजण्याच्या लांकडी फळ्या एकीवर एक तीन थरांनीं लावलेल्या. त्यांवर वाळलेलें गवत पसरून बिछाने केले. जमिनींतून अंगाला खाज आणणारें विषारी झुडूप वर आलें होतें. भोंवतीं दिवसभर किरकिर ऐकूं येई, ती रातकिड्यांची असावी असें तीं समजत राहिलीं. तो आवाज शेपटी वाजविणाऱ्या विषारी सर्पांचा आहे हें पुष्कळ उशिरां कळलें. मध्यंतरीं फॅनीला आणि मुलाला घटसर्पाचा सौम्य विकार झाला, तेव्हां कांहीं दिवस खालीं गांवांत उतरावें लागलें. असा हा विसावा!

तरीहि तो विसावाच होता. सकाळीं स्टीव्हन्सन सर्वांच्या आधीं उठे, चूल पेटवी, ओटची पेज शिजवी. मग खाणीच्या तोंडाशीं मुरूम टाकून झालेल्या सपाट ओट्यावर उन्हांत बसून राही. एके पहाटे त्यानें पाहिलें, तों खालचें सबंध खोरें नाहींसें झालेलें. समुद्रावरून आलेल्या धुक्यानें तें कांठोकांठ भरलें होतें, आणि टेकड्यांचे माथे तेवढे बेटांसारखे वर दिसत होते. खालीं राहणाऱ्यांना तें धुकें बाधे. वर त्याच्यासारख्या रोग्याला स्वच्छ ऊन मिळे. सिल्व्हराडोवर त्यानें लिहिलेल्या पुस्तकांत या धुक्याला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मला तेंच सर्वांत आवडतें.

आतां द्राक्षांकडे वळूं. मी स्वतः चहापलीकडे कांहीं घेत नाहीं. परंतु इतिहासाच्या मास्तराला सर्वच पेयांची माहिती ठेवावी लागते. त्या काळीं फ्रान्समधील द्राक्षमळे एका सूक्ष्म किडीनें उजाड होत चालले होते. फायलॉक्सेरा हें तिचें नांव. ती वेलीचीं मुळें शोषून घेते, आणि ती अमेरिकेंतूनच तिकडे गेली होती. स्टीव्हन्सनला फ्रान्सच्या वाईनचें प्रेम, म्हणून हें दुःख त्याला खरोखरीचें होतें. नापा खोऱ्यांत त्यानें दोन मळे पाहिले. एक मॅकेक्रन नांवाच्या स्कॉच गृहस्थाचा. तेथें द्राक्षांइतक्याच मायदेशाच्या गोष्टी निघाल्या. दुसरा जेकब श्रॅम या जर्मनाचा. हा आधीं न्हावी होता. १८६२ सालीं त्यानें डोंगरावर रान घेतलें आणि मळा उभा केला. श्रॅमच्या बाईनें व्हरांड्यांत फॅनीचें आगतस्वागत केलें, आणि इकडे दोघे पुरुष टेंकडीच्या पोटांत खोदलेल्या तळघरांत तांबड्या-पांढऱ्या वाईनचा एकेक प्रकार चाखत बसले. हीं तळघरें चिनी मजुरांनीं हातांनीं खोदलेलीं. दोनच वर्षांनीं, १८८२ सालीं, चिनी मजुरांना अमेरिकेंत येण्याची बंदी करणारा कायदा झाला.

स्टीव्हन्सनची नजर येथें फार अचूक पडली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, हे मळेवाले म्हणजे धातूचा शोध करणारेच लोक. आज या कोपऱ्यांत एका जातीची वेल, उद्यां त्या कोपऱ्यांत दुसरी, अशी त्यांची चांचपणी चालली आहे. आणि कोणत्या मातींत काय दडलें आहे हें कळावयास फार काळ लागेल. हें तो लिहीत होता तें चांदीच्या फसलेल्या खाणीवर राहून! डोक्यावर उतावळ्या लोकांनीं पोखरून टाकून दिलेला डोंगर, आणि पायांखालीं धीर धरणाऱ्यांचें खोरें. त्यानें आणखीहि एक गोष्ट नोंदली आहे. सॅनफ्रान्सिस्कोच्या एका व्यापाऱ्यानें त्याला खणांचें कपाट उघडून दाखविलें. खणाखणांत परक्या मळ्यांच्या नांवांच्या चिठ्या भरलेल्या. देशी वाईन परक्या नांवाखेरीज खपत नाहीं, म्हणून हा बनाव! आपल्याकडेहि देशी मालावर विलायती शिक्का मारून विकण्याची तऱ्हा माझ्या पिढीनें पुष्कळ पाहिली आहे.

जुलै संपतां संपतां बिऱ्हाड हललें, आणि ऑगस्टमध्यें हीं सारीं न्यूयॉर्कहून इंग्लंडास निघालीं. आईबापांनीं सुनेला पदरांत घेतलें. १८८१ सालीं त्याच लॉइडसाठीं काढलेल्या एका नकाशांतून ‘ट्रेझर आयलंड’ जन्माला आलें. सिल्व्हराडोचें पुस्तक १८८३ सालीं निघालें. ज्याच्या जगण्याचा भरंवसा नव्हता तो आणखी चौदा वर्षें जगला, आणि ३ डिसेंबर १८९४ रोजीं दूर सामोआ बेटावर वारला.

खोऱ्याचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. ती कीड नापांतहि आली व तिनें मळे फस्त केले. पुन्हां लागवड झाली. मग १९२० पासून १९३३ पर्यंत सबंध अमेरिकेंत दारूबंदी होती. श्रॅमचा मळाहि पडीक झाला. १९६५ सालीं एका जोडप्यानें तो घेऊन पुन्हां चालू केला. १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले, तेव्हां चौ एन-लाय यांच्यासमवेत त्यांनीं जो पेला उंचावला तो या श्रॅमच्या मळ्यांतील वाईनचा. २४ मे १९७६ रोजीं पॅरिसमध्यें फ्रेंच परीक्षकांनीं बाटल्यांवरील नांवें झांकून वाईन चाखल्या, आणि पांढऱ्या व तांबड्या दोन्ही प्रकारांत नापाला पहिलें स्थान दिलें. परक्या नांवाच्या चिठ्यांचें कपाट तेथें निरुपयोगी झालें. पांढऱ्यांत जिंकलेला मळा सेंट हेलेनाच्याच पायथ्याचा. त्याचें ‘मॉन्टेलेना’ हें नांवहि त्या डोंगराच्या नांवाचा संक्षेप आहे. आपल्या नाशिकच्या द्राक्षांपासून वाईन करण्याचा उद्योग १९९० नंतर ज्यांनीं वाढविला, त्यांतील एक प्रमुख गृहस्थहि कॅलिफोर्नियांतूनच परतलेले, आणि तिकडचा तज्ज्ञ त्यांनीं मदतीस घेतला होता.

सिल्व्हराडोचें खोपट आतां नाहीं. खाणीचा चर आहे; आणि जेथें खोपट होतें तेथें १९११ सालीं बसविलेलें, उघड्या पुस्तकाच्या आकाराचें एक दगडी स्मारक आहे. १९४९ पासून तो परिसर स्टीव्हन्सनच्या नांवानें राखीव उद्यान झाला आहे. रस्त्यापासून झाडींतून थोडें चढून जावें लागतें. पुतणीची मोटार त्याच रस्त्यानें दोन वेळां गेली होती. "पाटी दिसली होती, काका," ती म्हणाली, "पण खालीं जेवणाची वेळ ठरलेली होती."